आमच्याकडे निघतो तो नागच!

मराठी माणसाच्या घरात साप निघत नाही, नाग निघतो. साप पुस्तकात असतात, सर्पोद्यानात असतात, दुसऱ्यांच्या गावाला असतात. आपल्या दाराच्या फटीतून, मोरीच्या तोंडातून किंवा कुंड्यांच्या मागून जे काही लांबट आणि बिनपायाचं बाहेर येतं तो नाग असतो, आणि तो निदान सहा फूट असतो. पुढे सर्पमित्र येऊन हातभर लांबीची नानेटी पिशवीत भरून घेऊन गेला तरी मूळ साक्षीदार जबानी बदलत नाही. "हे पिल्लू असणार. मी पाहिला तो वेगळा होता," असं म्हणून तो सहा फुटांवर ठाम राहतो. मग उरलेली रात्र सगळी बिल्डिंग त्या दुसऱ्या सापाच्या शोधात घालवते. तो सापडत नाही, कारण तो नसतोच.

आमची सोसायटी पुण्याच्या कडेला आहे. बिल्डरच्या जाहिरातीत ती 'निसर्गाच्या कुशीत' होती. त्या कुशीत आधीपासून कोण राहत होतं, हे जाहिरातीत नव्हतं. शेत होतं तिथे पार्किंग झालं, बांध होता तिथे क्लबहाउस. उंदरांना हा बदल फार मानवला, कारण शेतात सुगी वर्षातून एकदा येते आणि सोसायटीत कचरा रोज निघतो. उंदीर राहिले म्हणून धामण राहिली. पावसात बेडूक वाढले म्हणून नानेटी आली. दिव्यांवर किडे आले, किड्यांसाठी पाली आल्या, पालींसाठी कवड्या आला. हे सगळं डोळ्यांसमोर घडत असताना दर पावसाळ्यात मीटिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "पण हे साप येतात तरी कुठून?"

साप ओळखण्याची आमची एक पद्धत आहे. आधी निकाल लागतो, मग पुरावे गोळा होतात, आणि सर्वांत शेवटी, वेळ उरलाच तर, सापाकडे बघितलं जातं. पहिला माणूस ओरडतो, "नाग!" हा निकाल. दुसरा विचारतो, "फणा काढला होता?" पहिला म्हणतो, "काढणारच होता." हा पुरावा. तेवढ्यात वॉचमन काका काठी घेऊन धावतात, आणि साप साप म्हणून भुई धोपटणं हा रात्रपाळीच्या कामाचा भाग असल्याचं सगळ्यांना समजतं. मग ग्रुपवर फोटो पडतो. फोटोत टाइल्स असतात, एक चप्पल असते आणि कोपऱ्यात काहीतरी तपकिरी असतं. बी विंगमधले इंजिनिअर त्यावर लाल गोल काढून फोटो परत टाकतात आणि खाली लिहितात, "ट्रँग्युलर हेड. विषारी. कोणी खाली येऊ नये." गोलात चपलेचा अंगठा आलेला असतो. पण तोवर लिफ्ट बंद ठेवण्यात आलेली असते.

या सगळ्यांत सापांबद्दल खरोखर काही माहिती असलेलं माणूस म्हणजे तळमजल्यावरच्या आजी. त्यांचं बालपण शेतावर गेलं. त्यांना धामण, दिवड, नानेटी चालीवरून कळतात. पण त्या दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत. "जनावर म्हणा. नाहीतर लांबडं म्हणा," असं त्या बजावतात. चावला हेही म्हणायचं नाही, 'पान लागलं' म्हणायचं. त्यामुळे रात्री त्यांना "आजी, कुठला आहे हो?" असं विचारलं की उत्तर येतं, "सकाळी सांगते." शिवाय त्यांच्या ज्ञानाला एक जोडधंदा आहे. नाव अचूक सांगतात, आणि त्याच दमात त्या नावाखाली असं काही सांगतात की सापालाही नवल वाटावं. ते पुढे येईलच.

आता घराची फेरी मारू. कुंडीपासून सुरुवात करू, कारण इथला साप इतका लहान आहे की त्याला नाग म्हणायला भलताच आत्मविश्वास लागतो. तोही लोकांकडे असतो. तुळशीची माती उकरताना वीतभर लांबीचं, काळपट, चकचकीत काहीतरी वळवळत निघतं. गांडूळ म्हणावं तर अंगाला वळ्या नाहीत, चिकटपणा नाही, आणि निरखून पाहिलं तर एक बारीक जीभ आत-बाहेर करते. हा वाळा. डोळ्यांच्या जागी खवल्यांखाली दोन ठिपके, आणि आहार म्हणजे मुंग्या-वाळवीची अंडी नि अळ्या. विष नाही, आणि माणसाला चावायचं म्हटलं तर तोंड पुरत नाही. वाळ्यांत नर सापडलेला नाही. सगळ्या माद्याच. मादी एकटीच अंडी घालते, त्यातून पुन्हा माद्याच निघतात. त्यामुळे रोपांच्या मातीतून एक वाळा परदेशी पोचला, म्हणजे पोचली, की तिथे वसाहत उभी राहते. पत्रिका जुळवायला नको, हुंडा नको, मांडव नको. अशा रीतीने कुंडीत बसल्या बसल्या वाळ्याने जग व्यापलं.

आजींचं म्हणणं, वाळा झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो. मुंग्यांची अंडी सोडून तो माणसाच्या कानात कशासाठी जाईल, हे आजी सांगत नाहीत. त्यातून आमच्या सोसायटीतल्या कानांत, जिथे थकबाकीची नोटीससुद्धा वर्षानुवर्षं शिरत नाही.

कुंडीतून भिंतीवर येऊ. इथे प्रकरण गंभीर आहे. रात्री बाथरूमचा दिवा लावावा, आणि खिडकीच्या चौकटीवर एक सडपातळ, तपकिरी, पांढुरक्या पट्ट्यांचा साप पालीकडे एकटक बघत असावा. हा बहुतेक वेळा कवड्या. बिनविषारी, निशाचर, आणि खरबरीत भिंत सहज चढणारा. वरच्या मजल्यावरच्या मंडळींना याचा विशेष राग येतो. "तळमजला ठीक आहे, पण आम्ही तिसऱ्या मजल्याचे पैसे भरलेत," असा त्यांचा मुद्दा असतो. कवड्याचं दुर्दैव असं की त्याला देवाने मण्यारीसारखे पट्टे दिले आणि मण्यारीचं विष मात्र दिलं नाही. म्हणजे बदनामी पूर्ण, अधिकार शून्य. त्यात मण्यार ही दुसरे साप खाणारी, आणि कवड्याही तिला चालतो. जिच्यामुळे माणसांचा मार खायचा, तिच्याच पोटात जायचं, असं हे आयुष्य.

दोघांतला फरक मात्र नीट सांगण्यासारखा आहे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे ठसठशीत असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलटं. तिचं अंग निळसर काळं, तुकतुकीत. डोक्यामागचा काही भाग बहुधा कोरा, आणि तिथून पुढे बारीक पांढरे पट्टे, पुष्कळदा जोडीजोडीने, शेपटीपर्यंत स्पष्ट. कवड्या पुढून नटलेला, मण्यार मागून नटलेली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. त्यातही गोची आहे. कुकरी नावाचा आणखी एक बिनविषारी साप आडवे पट्टे घेऊन फिरतो, आणि एखाद्या मण्यारीचे पुढचे पट्टे तुटून नुसते ठिपके उरलेले असतात. पुस्तकात हे सगळं ओळीने छापलेलं असतं. परीक्षा मात्र रात्री दोन वाजता, चष्म्याशिवाय, संडासाच्या दारात असते आणि प्रश्नपत्रिका हलत असते.

इथे थट्टा थांबवून एक गोष्ट सांगायला हवी. मण्यारीचे दात बारीक असतात, दंश फारसा दुखत नाही, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला कित्येकदा काही चावल्याचंही कळत नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, मग धावाधाव. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे भीती खोटी नाही. ती फक्त चुकीच्या पत्त्यावर पोचते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचा हिशोब आपण वाळा, कवड्या, धामण आणि नानेटी यांच्याकडून वसूल करतो.

माळ्यावर चला. जुने पडदे, गणपतीचं मखर, न चालणारा मिक्सर आणि त्याचा चालणारा डबा यांच्या मागे कधी कधी तस्कर असतो. नाव असं की वाटावं, तांब्याची भांडी घेऊन पळेल. प्रत्यक्षात तो उंदरांपलीकडे काही पळवत नाही. रंग तपकिरी, पुढच्या अंगावर नक्षी, आणि मागच्या अंगावर शेपटीपर्यंत गेलेले दोन गडद पट्टे, ही त्याची खूण. डिवचला की मान फुगवतो, पुढचं शरीर उचलून नागमोडी आकारात उभा राहतो आणि तोंड उघडून हल्ल्याचा आव आणतो. बिचाऱ्याची कल्पना अशी की समोरचा घाबरून निघून जाईल. समोरचा घाबरतो खरा, पण निघून जात नाही. तो झाडू आणायला जातो.

सगळ्या बिनविषारी सापांची हीच शोकांतिका आहे. विष नसल्यामुळे त्यांना अभिनय करावा लागतो, आणि अभिनय इतका उत्तम वठतो की प्रेक्षक जीवच घेतात. दिवड मान चपटी करून नागाचं सोंग आणते. धामण गळा फुगवून गुरगुरते. अशा वेळी मागे सरकलं तर तमाशा दोन मिनिटांत संपतो, कारण कलाकाराला पळायचंच असतं. पण आपण पुढे सरकतो, मोबाइल काढतो, आणि "अरे, फणा काढतोय बघ!" असं म्हणत खेळाची मुदत वाढवतो.

धामणीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सोसायटीतली सर्वांत जुनी रहिवासी तीच. लांबी सहज सहा-सात फूट, क्वचित त्याहून जास्त. म्हणजे आमच्या साक्षीदारांची लांबी कधी नव्हे ती इथे खरी ठरते. अंग पिवळसर तपकिरी, मागच्या भागावर काळी जाळी, डोळे मोठे, आणि ओठांवर काळ्या उभ्या रेघा. फिरते दिवसाढवळ्या आणि पळते विलक्षण वेगाने. फणा न काढलेला नाग आणि धामण यांत लोकांची गल्लत होते. नागाचं डोकं मानेतून फारसं वेगळं उठून दिसत नाही, धामणीचं दिसतं. नाग चिडला की मान आडवी पसरतो, धामण गळा खालच्या बाजूला फुगवते. आणि नागाच्या फण्यामागचा दहाचा आकडा बघायचाच झाला तर तो मागून बघायचा असतो. फणा समोर असताना "आकडा आहे का बघू" म्हणून प्रदक्षिणा घालायला निघालेले एक गृहस्थ आमच्याकडे आहेत. त्यांच्या कुटुंबाने त्यांना वेळेवर शर्टाला धरलं.

आजींची धामण निराळी. ती गोठ्यात शिरते, गाईच्या मागच्या पायांना विळखा घालते आणि दूध पिते. शेपटीचा फटका बसला तर तो अवयव झडतो. आणि ती नागाची बायको असते. यातल्या दुधाबद्दल बोलायचं तर सापाला चोखता येत नाही, आणि त्याचे आत वळलेले अणकुचीदार दात सडाला लागले तर गाय काय करील, हे गाईलाच विचारावं. फटक्याने अवयव झडत असते तर धामणी पकडणारे सगळे सर्पमित्र एव्हाना बिनहातांचे झाले असते. राहिला बायकोचा प्रश्न. नागाला नागीण असते आणि धामणींतही नर असतात, हे आजींना सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "असतील. पण लग्न घरच्यांनी ठरवलेलं असतं." यावर शास्त्राकडे उत्तर नाही.

या नरांचीच आणखी एक गंमत. रिकाम्या प्लॉटवर दोन मोठे साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दिसतात. बघणारे हात जोडतात, मुलांचे डोळे झाकतात, आणि कुणीतरी नवं उपरणं किंवा ब्लाउजपीस त्यांच्यावर टाकायला धावतं, कारण ते कापड कपाटात ठेवलं की बरकत येते असा समज. खरं तर हे बहुतेक वेळा दोन नर धामणींचं द्वंद्व असतं, आणि प्रतिस्पर्ध्याचं डोकं खाली दाबायचा त्यात प्रयत्न चालतो. म्हणजे जिथे मुलांचे डोळे झाकले जातात तिथे प्रत्यक्षात कुस्ती चालू असते. मुलांना पुढे बसवायला हवं. सांगली-कोल्हापूरकडच्या पाहुण्यांनी तर निकाल लागेपर्यंत हलू नये.

दुधाचा विषय निघालाच आहे तर नागपंचमीचंही सांगून टाकू. त्या दिवशी आमच्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत, जमीन खणत नाहीत, सापाला इजा होईल म्हणून. पाटावर काढलेल्या नागोबाला दूध-लाह्या मिळतात. दूध हे सापाचं अन्न नव्हे. गारुडी आधी त्याला तहानलेला ठेवायचे, मग तो पुढ्यात येईल ते प्यायचा. असो. त्या पूजेत चूक काही नाही. नवल एवढंच की चित्रातल्या नागाला हळद-कुंकू वाहणारा माणूस त्याच आठवड्यात पार्किंगमधल्या नानेटीवर पहार घेऊन धावतो. सापाने सुखी व्हायचं असेल तर पाटावरच राहावं.

नानेटी म्हणजे कोण, तेही सांगतो. पावसाळ्यात लॉनवर, गटाराच्या कडेला, पायऱ्यांवर दिसणारा हा छोटा साप. ऑलिव्ह-तपकिरी अंगावर लांबीने गेलेले दोन पिवळसर पट्टे, मध्ये काळे ठिपके. बेडूक खाते, स्वभावाने इतकी गरीब की हातात घेतली तरी सहसा चावत नाही. (घेऊ नका. ती चावत नाही, पण तुम्ही नानेटीच उचलली आहे हे कोण सांगणार?) पुण्यातच १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले होते. त्याच पुण्यात आमची कार्यकारिणी एका नानेटीसोबत बहात्तर सेकंद राहू शकली नाही. अध्यक्ष खुर्चीवर चढले. अध्यक्षांची खुर्ची घट्ट असते हे आम्ही ऐकून होतो, त्या दिवशी खात्री पटली.

आता नाल्याकडे. तिथे दिवड राहते. काही ठिकाणी तिलाच इरुळा किंवा विरोळा म्हणतात. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळ्याखालून निघालेल्या दोन काळ्या तिरक्या रेघा, मासे आणि बेडूक हा आहार. बिनविषारी आहे, पण स्वभाव तिखट. डिवचली की ती बेलाशक चावते, रक्त काढते, आणि वर मान चपटी करून दाखवते. चावून घेतलेला माणूस स्वतःला संपला असं समजतो, आणि इथेच मांत्रिकाचा व्यवसाय सुरू होतो. त्या माणसाला कडुनिंबाचा पाला खायला देतात. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे. मिरचीही चाखवतात. मग मंत्र, मग राख, मग नारळ. सकाळी माणूस ठणठणीत. मांत्रिकाचं नाव पंचक्रोशीत होतं. दिवडीचं नाव कुणी घेत नाही. आपल्याकडच्या मांत्रिकांची निम्मी कीर्ती बिनविषारी सापांनी उभारून दिलेली आहे. उरलेली निम्मी विषारी सापांच्या कोरड्या दंशांची, म्हणजे ज्यात साप चावतो पण विष सोडत नाही. खरोखर विष गेलेला माणूस मात्र मंत्राने वाचत नाही. त्याला दवाखान्यातली प्रतिविषाची लसच लागते. मांत्रिक अशा वेळी म्हणतो, "उशीर केलात." आणि हे एकच वाक्य तो खरं बोलतो.

इंजिनिअरसाहेबांचं त्रिकोणी डोकं राहून गेलं. त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी, हा नियम त्यांना कुठून मिळाला ते त्यांनी सांगितलेलं नाही. त्यात एवढाच दोष आहे की नाग आणि मण्यार यांची डोकी त्रिकोणी नसतात, आणि दिवड चिडली की आपलं डोकं त्रिकोणी करून दाखवते. म्हणजे या नियमाने दोन अट्टल गुन्हेगार सुटतात आणि एक सोंगाडी फासावर जाते. घोणशीला मात्र तो लागू पडतो. जाड अंग, पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि कुकरसारखा फुत्कार. पण तिच्यासारखा दिसणारा एक बिनविषारी साप आहेच. डुरक्या घोणस. बुटका, जाडजूड, वेडेवाकडे डाग आणि आखूड, टोकदार शेपटी. घोणशीचे डाग रेखून काढल्यासारखे, डुरक्याचे सांडल्यासारखे. तसाच फुरशाच्या नावाने मार खाणारा मांजऱ्या. तो निमविषारी असतो, माणसाला त्याच्यापासून सहसा धोका नसतो. कोकणातल्या माणसाला मात्र फुरशाच्या बाबतीत हे असलं काही सांगायला जाऊ नये. त्याच्या आंब्याच्या बागेत खरं फुरसं असतं, आणि त्याच्याकडे तुमच्या लेखासाठी वेळ नसतो.

विषारी कोण आणि बिनविषारी कोण, हा प्रश्न काही आमच्याच सोसायटीने काढलेला नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे असलेले पॅट्रिक रसेल नावाचे डॉक्टर याच प्रश्नाच्या मागे लागले होते. लोकांना साप ओळखता यावेत म्हणून त्यांनी साप गोळा केले, त्यांची चित्रं काढवून घेतली आणि १७९६ मध्ये ग्रंथ छापला. घोणशीला इंग्रजीत आजही त्यांचंच नाव आहे. पण विष तपासायची त्यांची पद्धत अशी होती की साप कोंबड्यांना आणि कुत्र्यांना चावू द्यायचा आणि पुढे काय होतं ते लिहून ठेवायचं. थोडक्यात, डोक्याचा आकार बघून भागलं असतं तर त्या कोंबड्या वाचल्या असत्या. आता आमच्याकडे यापेक्षा सोपं साधन आहे, ते म्हणजे फोनमधलं ॲप. परवा त्यात नाल्यावरचा फोटो टाकला. ॲपने सांगितलं, बागेचा पाइप. खात्री ब्याण्णव टक्के. पाइप बेडूक गिळत होता.

एक साप मात्र आपल्या लोकांनी बिनविषारी म्हणून अगदी अचूक ओळखला, आणि त्यामुळेच त्याचं वाटोळं झालं. मांडूळ. लालसर तपकिरी, मऊ मातीत राहणारं, संथ, शेपटी आखूड आणि बोथट. ते घाबरलं की डोकं वेटोळ्यात लपवतं आणि शेपटी पुढे करतं, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणू लागले. सहा महिने या तोंडाने चालतं, सहा महिने त्या तोंडाने, अशी पुरवणीही जोडली. इतपत ठीक होतं, आपण तशी माणसंही निवडून देतो. पण पुढे कुणीतरी ठरवलं की मांडुळाने गुप्तधन सापडतं. मग वजनावर भाव सुरू झाले, लाखांचे, कोटींचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बाळगणं, विकणं गुन्हा आहे, आणि मांडूळ घेऊन लॉजवर बसलेली टोळी पकडल्याची बातमी आपल्याकडे अधूनमधून असतेच. गुप्तधन आजवर फक्त एका माणसाला मिळालेलं आहे, जो दुसऱ्याला मांडूळ विकतो त्याला. उंदीर खाऊन शेतकऱ्याचं धान्य वाचवणारा हा साप ते काम फुकट करत होता. फुकट केल्यामुळेच कुणाच्या लक्षात आलं नसावं.

तेव्हा ओळख पटली की सापाचा जीव वाचतो, असं मानायचं कारण नाही. आणि ओळख पटली नाही म्हणून तो जायलाच हवा, असंही नाही. ही गोष्ट मला आमच्याकडे येणाऱ्या सर्पमित्राकडून कळली. कॉलेजात जाणारा मुलगा आहे. फोन केला की तो "कुठला साप आहे?" असं विचारतच नाही. आमच्या उत्तराची किंमत त्याला माहीत आहे. तो विचारतो, "काका, कुणी नजर ठेवून आहे का? सात-आठ फुटांवर उभं राहा, डिवचू नका, आणि मी येईपर्यंत कुठे जातो तेवढं बघा." आणि हेच काम आमच्याकडे कुणी करत नाही. अध्यक्ष खुर्चीवर असतात, इंजिनिअर गोल काढत असतात, आजी सकाळची वाट बघत असतात, आणि वॉचमन काका भलत्याच बाजूची भुई धोपटत असतात. नाग की धामण यावर वाद रंगलेला असताना जे काही असतं ते निघून गेलेलं असतं. मुलगा येतो, हुक आणि पिशवी खाली ठेवतो आणि विचारतो, "कुठाय?" बारा जण बारा दिशा दाखवतात.

माझं सांगणं इतकंच, की साप ओळखायला जरूर शिकावं, पण दुपारी, पुस्तकात किंवा कात्रजच्या सर्पोद्यानात काचेच्या अलीकडे उभं राहून. रात्री मोरीपाशी तो ओळखता आला नाही तर विषारी समजावा आणि लांब राहावं. या परीक्षेत कोरा पेपर देणारा पास होतो, फक्त पेपर लांबून द्यायचा. चावलाच, तर मिरची, ब्लेड, दोरी आणि मांत्रिक यांपैकी काहीही न वापरता, चावलेला अवयव न हलवता थेट मोठा दवाखाना गाठायचा. साप पकडून दाखवायला नेण्याची गरज नसते. डॉक्टर लक्षणं बघतात, आणि आपल्याकडची लस एकच असते, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालणारी.

परवाच्या मीटिंगमध्ये सर्पमित्रालाच बोलावलं होतं. विषय एकच, पार्किंगमधली धामण. "कायमची घेऊन जा," असा ठराव लिहून तयार होता. मुलगा म्हणाला, "नेतो की. पण मग उंदरांचं काय करणार?" सेक्रेटरींनी पेस्ट कंट्रोलचं कोटेशन वाचून दाखवलं. वार्षिक करार, जीएसटी वेगळा. सभागृहात बराच वेळ शांतता होती. मग आजी म्हणाल्या, "राहू द्या तिला." दिवस मावळला होता, म्हणून त्यांनी नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. ठराव एकमताने फिरवण्यात आला. सगळं सुरळीत पार पडतंय असं वाटत असतानाच खजिनदारांनी हात वर केला. त्यांची शंका रास्त होती: ती जर सोसायटी उभी राहायच्या आधीपासून इथे राहत असेल, तर मेंटेनन्सची थकबाकी कोणत्या वर्षापासून धरायची?